बोलत्या यंत्राचा जनक : थॉमस आल्वा एडिसन

ज्ञातीच्या वार्षिक स्मरणिकेत सातासमुद्रापलीकडील एका अमेरिकन यंत्रज्ञाचे चरित्र कशासाठी, अशी शंका काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर आरंभीच दिलेले बरे. ज्ञाती ही जशी माणसांची, तशीच स्मृतींचीही बनलेली असते. पूर्वजांची नावे आपण वंशावळीत जपतो, त्यांच्या तसबिरी भिंतीवर लावतो. परंतु त्यांचा आवाज मात्र त्यांच्या देहाबरोबरच नाहीसा व्हावयाचा, असेच मानवजात हजारो वर्षे समजत आली होती. आवाज साठवून तो पुन्हा ऐकविण्याची किमया ज्याने प्रथम करून दाखविली, तो थॉमस आल्वा एडिसन होय. विजेच्या दिव्याचा जनक म्हणून शाळेतील मुलेही त्याला ओळखतात. परंतु ज्या शोधाने त्याचे नाव प्रथम जगभर झाले, आणि स्वतःच्या सर्व शोधांत जो त्याला अधिक प्रिय होता, तो शोध फोनोग्राफचा. या यंत्रात आवाज नळकांड्यावर उतरविला जाई आणि पुन्हा त्यावरूनच ऐकविला जाई.

एडिसनच्या चरित्राचा हाच एक धागा आम्ही येथे हाती धरणार आहोत. या धाग्यात पराक्रम आहे, तशी उपेक्षाही आहे. दूरदृष्टी आहे, तसा हट्टही आहे. शिवाय ती जुनी यंत्रे शोधून, दुरुस्त करून आज जी मंडळी जपत आहेत, त्यांच्या उद्योगापासून आपणा सर्व कुटुंबांना शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

बालपण व उमेदवारी

एडिसनचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ रोजी अमेरिकेच्या ओहायो राज्यातील मिलान या लहानशा गावी झाला. सात भावंडांत तो सर्वांत धाकटा. १८५४ साली हे कुटुंब मिशिगन राज्यातील पोर्ट ह्यूरन येथे राहावयास गेले. शाळा त्याला लाभली ती काही महिन्यांचीच. शाळेत त्याचे जमेना, तेव्हा त्याची आई नॅन्सी हिने त्याला घरीच शिकवावयास घेतले. ती पूर्वी शिक्षिका होती. पुस्तकात वाचलेला प्रयोग स्वतःच्या हाताने करून पाहिल्याखेरीज खरा मानावयाचा नाही, ही त्याची आयुष्यभराची सवय याच घरच्या शाळेत लागली.

वयाच्या बाराव्या वर्षी तो पोर्ट ह्यूरन ते डेट्रॉइट या आगगाडीत वर्तमानपत्रे व खाऊ विकू लागला. सामानाच्या डब्यात त्याने रसायनांच्या बाटल्या मांडल्या, आणि १८६२ साली तेथेच लहानसे छापयंत्र ठेवून स्वतःचे साप्ताहिकही काढले. त्याच वर्षी एका स्टेशनमास्तरच्या लहान मुलास त्याने धावत्या डब्यासमोरून ओढून वाचविले. कृतज्ञ पित्याने त्या उपकाराची फेड म्हणून त्याला तारयंत्राची विद्या शिकविली. पुढील काही वर्षे तो तारमास्तर म्हणून गावोगाव फिरला.

याच वयात त्याची श्रवणशक्ती मंदावली. तिच्या कारणाविषयी निरनिराळ्या कथा सांगितल्या जातात. कारण कोणतेही असो, जगाला आवाज साठवून देणारा हा पुरुष स्वतः जवळजवळ बहिरा होता, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचा संबंध येणार आहे.

१८६९ साली त्याने पहिले पेटंट घेतले. ते कायदेमंडळातील मते विजेच्या साह्याने झटपट मोजणाऱ्या यंत्राचे होते. यंत्र उत्तम चाले, परंतु कायदेमंडळाला ते नकोच होते. ज्याला गिऱ्हाईक नाही असे यंत्र पुन्हा करावयाचे नाही, असा धडा त्याने त्यातून घेतला. १८७१ साली मेरी स्टिलवेल हिच्याशी त्याचा विवाह झाला. पहिल्या दोन मुलांना तो तारयंत्राच्या लिपीतील बिंदू व रेघ यांवरून 'डॉट' आणि 'डॅश' अशा लाडक्या नावांनी हाक मारी. घरातही हा मनुष्य कामापासून किती थोडा दूर होत असे, हे यावरून दिसते. १८७६ साली न्यू जर्सी राज्यातील मेन्लो पार्क या खेड्यात त्याने आपली प्रयोगशाळा उभारली.

वर्खावरील पहिला आवाज

१८७७ साली तारेचे संदेश कागदावर टोचून ते पुन्हा आपोआप पाठविणाऱ्या यंत्रावर त्याचे काम चालू होते. टोचलेला कागद वेगाने फिरला म्हणजे त्यातून माणसांच्या अस्पष्ट बोलण्यासारखा गुणगुणाट निघे. दुसरीकडे टेलिफोनच्या सुधारणेसाठी तो आवाजाने थरथरणाऱ्या पातळ पडद्यांवर प्रयोग करीत होता. या दोन कामांची त्याच्या मनात सांगड बसली. आवाजाने पडदा हलतो. पडद्याला सुई जोडली तर ती मऊ पृष्ठावर खाचा पाडील. आणि त्याच खाचांतून सुई पुन्हा फिरविली तर पडदा पूर्वीसारखाच हलून तोच आवाज निघाला पाहिजे. एवढाच तो विचार. तो इतका सोपा आहे की, तोवर कोणाला का सुचला नाही याचेच नवल वाटते.

त्याचा कुशल कारागीर जॉन क्रूसी याने डिसेंबरच्या आरंभी यंत्र तयार केले. नागमोडी आटे पाडलेले पितळी नळकांडे, त्यावर गुंडाळलेला कथिलाचा वर्ख, फिरविण्यास हाताचा दांडा आणि दोन बाजूंना सुई लावलेले दोन पडदे, एवढीच ती रचना होती. एडिसनने दांडा फिरवीत त्यात एक बालगीत म्हटले आणि सुई पुन्हा आरंभाशी आणली. यंत्राने ते गीत म्हणून दाखविले. त्या क्षणी सर्वांत अधिक चकित झाला तो स्वतः एडिसनच. २४ डिसेंबर १८७७ रोजी त्याने पेटंटसाठी अर्ज केला आणि १९ फेब्रुवारी १८७८ रोजी ते मंजूर झाले. एप्रिल महिन्यात वॉशिंग्टन येथे त्याने शास्त्रज्ञांसमोर आणि राष्ट्राध्यक्ष हेझ यांच्या निवासस्थानी यंत्र बोलवून दाखविले. मेन्लो पार्कचा जादूगार ही त्याची पदवी याच काळातील आहे.

१८७८ साली एका नियतकालिकात लेख लिहून त्याने या यंत्राचे संभाव्य उपयोग मांडले. पत्रे सांगणे, अंधांसाठी पुस्तके, वक्तृत्वाचे शिक्षण, संगीत, खेळणी यांच्याबरोबर त्याने आणखी दोन उपयोग नमूद केले होते. एक, भाषांचे व उच्चारांचे जतन. दुसरा, कुटुंबातील माणसांचे बोल, वृद्धांच्या अखेरच्या शब्दांसह, पुढील पिढ्यांसाठी राखून ठेवणे. आमच्या दृष्टीने त्या यादीतील हे दोन उपयोग सर्वांत मोलाचे आहेत.

मात्र वर्ख हा फार अल्पायुषी. दोनचार वेळा वाजविला की खाचा बुजत. एकदा नळकांड्यावरून काढला की तो पुन्हा नीट बसत नसे. लोक तमाशा पाहून जात आणि वर्खाचे तुकडे आठवण म्हणून घेऊन जात. असे तुकडे फारच थोडे उरले. सेंट लुइस येथे १८७८ च्या जून महिन्यात ध्वनी उतरविलेला एक वर्ख दुमडलेल्या स्थितीत वाचला होता. २०१२ साली शास्त्रज्ञांनी त्याला सुईचा स्पर्शही न करता, प्रकाशाच्या साह्याने त्याच्या खाचांचा नकाशा काढून त्यातील वादन, बोलणे व हसणे पुन्हा ऐकविले. १३४ वर्षे मुकी राहिलेली ती वस्तू बोलली, याचे कारण तिला कोणी फेकून दिले नव्हते, हेच होय.

दहा वर्षांची उपेक्षा

आता चरित्रनायकाचा दोषही सांगितला पाहिजे. फोनोग्राफ विकण्यासाठी स्थापन झालेल्या कंपनीकडून एडिसनला १०,००० डॉलर आणि विक्रीवर शेकडा २० टक्के मिळावयाचे ठरले होते. परंतु यंत्र सुधारण्याऐवजी तो विजेच्या दिव्याच्या मागे लागला. १८७९ साली दिवा झाला, १८८२ साली न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर वीजकेंद्र सुरू झाले. त्या कामाची थोरवी कोण नाकारील? परंतु या सुमारे दहा वर्षांत बोलते यंत्र कोपऱ्यात पडले.

दरम्यान टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल याच्या प्रयोगशाळेत चिचेस्टर बेल व चार्ल्स सम्नर टेंटर या दोघांनी वर्खाच्या जागी मेण वापरले, आणि खाच नुसती दाबण्याऐवजी ती कोरून काढली. १८८६ साली त्यांना पेटंट मिळाले. दोघांनी मिळून काम करावे, असा प्रस्ताव त्यांच्या बाजूने एडिसनकडे आला. त्याने तो नाकारला. आपले अपत्य दुसऱ्याने वाढविलेले पाहून पित्याला जसे वाटावे, तसे त्याला वाटले असावे. दहा वर्षे ज्याकडे पाहिले नाही, त्या यंत्राचा ध्यास त्याने पुन्हा घेतला.

पत्नी मेरी १८८४ साली निवर्तली होती. १८८६ साली मीना मिलर हिच्याशी त्याचा दुसरा विवाह झाला. १८८७ साली न्यू जर्सीमधीलच वेस्ट ऑरेंज येथे त्याने पूर्वीपेक्षा कितीतरी मोठी प्रयोगशाळा बांधली. तेथे अहोरात्र खपून त्याने सुधारलेला फोनोग्राफ पुरा केला. १६ जून १८८८ रोजी त्या यंत्राशेजारी थकून बसलेल्या एडिसनचे छायाचित्र प्रसिद्ध आहे.

मेणाचे नळकांडे

या नव्या यंत्रातील नळकांडे भरीव मेणासारख्या पदार्थाचे होते. वरचा थर तासून काढला की त्यावर पुन्हा ध्वनी उतरविता येई. घरोघर गेलेल्या यंत्रांतील नेहमीचे नळकांडे सुमारे सव्वादोन इंच व्यासाचे आणि सव्वाचार इंच लांबीचे असे. आतून ते किंचित निमुळते असल्यामुळे यंत्राच्या दंडावर घट्ट बसे. एका इंचात १०० आटे असत, आणि पुढे वेग ठरून गेला तो मिनिटाला १६० फेऱ्यांचा. त्या हिशेबाने एका नळकांड्यावर सुमारे दोन मिनिटांचे गाणे मावे. नळकांड्यावरील खाच कमीअधिक खोल असे. सुई तिच्यातून चढउतार करी आणि पडदा हलवी. हा पडदा ज्या लहान डबीत बसविलेला असे, तिला आम्ही ध्वनिपेटी म्हणू. तबकडीतील सुई पुढे बाजूबाजूला हलू लागली, ही गोष्ट वेगळी.

आपल्या यंत्राची पारख हा बहिरा मनुष्य कशी करी, हे ऐकण्यासारखे आहे. यंत्राच्या लाकडी पेटीत तो दात रोवी, आणि दातांतून व कवटीच्या हाडांतून आलेला कंप ऐके. त्याच्या दातांच्या खुणा असलेले यंत्र आजही पाहावयास मिळते. कानाने साथ सोडली म्हणून काम सोडावे, हा विचार त्याच्या मनाला शिवला नाही. आमच्या तरुण बांधवांनी हे उदाहरण मनात बाळगावे.

१८८९-९० साली त्याचा सहायक थिओ वांगेमान हा यंत्र घेऊन युरोपात गेला. संगीतकार ब्राम्स, जर्मनीचा मुत्सद्दी बिस्मार्क अशा थोरांचे आवाज त्याने नळकांड्यांवर घेतले. यांतील काही नळकांडी प्रयोगशाळेत एका पेटीत पडून होती. १९५७ साली ती पेटी सापडली, परंतु आत कोणाचे आवाज आहेत याचा उलगडा २०१२ साली झाला. बिस्मार्कचा आवाज शंभरांवर वर्षांनी जगाने ऐकला. १८९० साली जेसी वॉल्टर फ्यूक्स या अभ्यासकाने अमेरिकेतील मूळच्या पासामाक्वॉडी लोकांची गाणी व कथा नळकांड्यांवर घेतल्या. पुढे १९०६ पासून हंगेरीत बेला बार्टोक खेड्यापाड्यांतून फोनोग्राफ घेऊन फिरला आणि शेतकऱ्यांची हजारो गीते त्याने जमविली. १८७८ च्या लेखातील भाषा जपण्याची कल्पना अशा रीतीने खरी झाली.

घराघरांतील कर्णा

व्यापारात मात्र आरंभी अपयशच आले. यंत्र कचेऱ्यांत पत्रे सांगण्यासाठी वापरावे, असा कंपनीचा बेत होता, तो फसला. १८९० साली पोटात बोलणारी बाहुली विक्रीस आणली, तीही बिघडून बिघडून परत आली. लोकांना हवे होते ते गाणे. १८८९ साली सॅन फ्रान्सिस्कोतील एका उपाहारगृहात नाणे टाकून ऐकण्याचे यंत्र बसविले गेले, तेव्हा हे प्रथम ध्यानात आले. १८९६ साली एडिसनने नवी कंपनी काढून, स्प्रिंगवर चालणारी घरगुती यंत्रे विकण्यास आरंभ केला. 'होम' हे यंत्र ४० डॉलरला, १८९८ चे 'स्टँडर्ड' २० डॉलरला आणि १८९९ चे चिमुकले 'जेम' अवघ्या साडेसात डॉलरला मिळू लागले. पूर्वी श्रीमंताच्या दिवाणखान्यापुरते असलेले यंत्र आता कारागिराच्या घरी गेले.

कानाला लावावयाच्या नळ्या जाऊन यंत्रावर कर्णा आला. पडद्याचा बारीक कंप कर्ण्याच्या अरुंद तोंडाशी शिरतो आणि हळूहळू रुंदावत मोठ्या तोंडाने खोलीभर पसरतो. येथे वीज नाही की दुसरे कोणते साधन नाही. कर्ण्याचा आकार हेच त्याचे सामर्थ्य. आरंभीचे कर्णे लहान, काळ्या पत्र्याचे व पितळी तोंडाचे होते. पुढे धोतऱ्याच्या फुलासारखे पाकळ्यापाकळ्यांचे मोठे कर्णे आले. त्यांचा भार यंत्राला पेलवेना, म्हणून ते वेगळ्या दांडीला साखळीने टांगू लागले. १९०९ च्या सुमारास हंसाच्या मानेसारखा वळलेला कर्णा निघाला, आणि त्याच वर्षी कर्णा पेटीच्या आत लपविलेले 'अँबेरोला' हे यंत्रही आले.

नळकांड्यांच्या प्रती काढणे ही मोठी अडचण होती. गायकाला तेच गाणे दिवसभर पुनःपुन्हा गावे लागे. १९०२ साली साच्यातून नळकांडी ओतण्याची रीत एडिसनने बाजारात आणली. मूळ मेणावर निर्वात पात्रात सोन्याचा अतिसूक्ष्म थर चढवीत, त्यावर तांबे बसवून साचा करीत. त्यात ओतलेले मेण थंड होताना आकसे आणि साच्यातून अलगद निघे. एका गाण्याच्या हजारो प्रती निघू लागल्या.

हट्ट आणि त्याची किंमत

१८८७ साली एमिल बर्लिनर याने तबकडीचा ग्रामोफोन शोधून काढला होता. तबकडी छापण्यास सोपी, ठेवण्यास सुटसुटीत. नळकांड्याचा आवाज अनेक बाबतींत सरस होता आणि सुई आरंभापासून शेवटापर्यंत एकाच वेगाने खाचेवरून जाई, हेही खरे. परंतु कपाटात शंभर तबकड्या मावतात तेथे शंभर नळकांडी मावत नाहीत, हा गृहिणीचा साधा हिशेब एडिसनने मानला नाही. १९०८ साली त्याने इंचात २०० आट्यांचे, चार मिनिटांचे नळकांडे काढले. ते ठिसूळ निघाले. १९१२ साली प्लॅस्टरच्या गाभ्यावर सेल्युलॉइडचे निळे नळकांडे आले, ते मात्र फारच टिकाऊ होते. त्याच वर्षी त्याला स्वतःलाही तबकडी काढावी लागली.

दुसरा हट्ट गाण्यांविषयीचा. कोणते गाणे घ्यावे, कोणाचा गळा चांगला, हे तो स्वतः ठरवी. त्याला जुनी, साधी गाणी आवडत. गायकाच्या नावाला महत्त्व देणे त्याला पटत नसे, आणि प्रतिस्पर्धी कंपन्या तर थोर गायकांच्या नावावरच तबकड्या खपवीत होत्या. ९ डिसेंबर १९१४ रोजी वेस्ट ऑरेंजच्या कारखान्यास भयंकर आग लागून अनेक इमारती भस्म झाल्या. प्रयोगशाळा तेवढी वाचली. ६७ वर्षांचा एडिसन लगोलग पुन्हा उभारणीस लागला. पडलेला कारखाना त्याने उभा केला, पण बदललेली अभिरुची त्याला ओळखता आली नाही. रेडिओ आला, विजेने ध्वनिमुद्रण होऊ लागले. १९२९ साली त्याच्या कंपनीने नळकांडी व तबकड्या दोन्ही बंद केली. ज्याने उद्योग निर्माण केला, त्यालाच तो मिटवावा लागला.

१८ ऑक्टोबर १९३१ रोजी वेस्ट ऑरेंज येथे एडिसनचे देहावसान झाले. अमेरिकेत त्याच्या नावावर १,०९३ पेटंटे होती.

जतन करणाऱ्यांचे काम

कारखाना बंद झाला तरी यंत्रे उरली होती. माळ्यावर, गोदामात, जुन्या बाजारात. त्यांचा शोध घेणारे हौशी संग्राहक पुढे निघाले, आणि आज जगभर त्यांच्या संस्था आहेत. वेस्ट ऑरेंजची प्रयोगशाळा राष्ट्रीय स्मारक झाली आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील ग्रंथालयाने २००५ साली आपला नळकांड्यांचा संग्रह इंटरनेटवर खुला केला. आज तेथे दहा हजारांहून अधिक नळकांडी घरबसल्या ऐकता येतात. त्यांतील पुष्कळशी कोणा ना कोणा संग्राहकाने जपली होती.

या लोकांच्या कामाची रीत समजून घेण्यासारखी आहे. जाणकार मनुष्य जुने यंत्र हाती आले की त्याला लगेच चावी देत नाही. स्प्रिंगवरील जुने ग्रीस दगडासारखे झालेले असते. स्प्रिंग डब्यातून काढताना ती झटक्याने सुटून हाताला गंभीर इजा करू शकते, म्हणून हे काम तो सावधपणे करतो आणि ती पुसून पुन्हा ग्राफाइट मिसळलेले ग्रीस लावतो. वेग आवरणाऱ्या चक्रावरील चामड्याची वा नमद्याची गादी तपासतो. चामड्याचा पट्टा वाळला असेल तर बदलतो. ध्वनिपेटीतील पडद्याभोवतीची रबराची कडी कडक झाली की आवाज फाटतो. ती नवी घालतो. सुईच्या टोकाचे नीलमण्याचे खडे भिंगाखाली पाहतो, कारण टवका उडालेला खडा एका फेरीत मेण ओरबाडून टाकतो. मेणाच्या नळकांड्यावर सेल्युलॉइडसाठी केलेली हिऱ्याच्या टोकाची जड ध्वनिपेटी तो कधीही लावीत नाही. दोन मिनिटांचे नळकांडे आणि चार मिनिटांचे नळकांडे यांचीही सरमिसळ करीत नाही.

कर्ण्याच्या बाबतीत तर संयमच अधिक लागतो. पोचे लाकडी ठोकळ्यावर हळूहळू काढावयाचे, सुटलेल्या पाकळ्या जोडावयाच्या. परंतु मूळ रंग व सोनेरी रेघा शिल्लक असतील तर त्यांवर नवा रंग चढवावयाचा नाही. पेटीवरील चपड्याचे रोगण स्पिरिटने पुसले तर ते विरघळते आणि त्याबरोबर एडिसनची सहीही पुसली जाते. चकाकी आणण्याच्या नादात इतिहास खरवडला जाऊ नये, हा या मंडळींचा नियम आहे.

मेणाचे नळकांडे पृष्ठभागाला स्पर्श न करता, पोकळीत दोन बोटे घालून ती अलगद फाकवून उचलावे लागते. थंड मेणाला हाताची ऊब एकदम लागली तरी ते तडकते. दमट हवेत त्यावर पांढरी बुरशी धरते आणि ती मेण खाते. खाल्लेला आवाज परत मिळत नाही. निळ्या नळकांड्याचा प्लॅस्टरचा गाभा ओलाव्याने फुगतो आणि मग ते दंडावर बसत नाही. म्हणून कोरडी हवा, उभे ठेवणे, स्वच्छ डबी आणि वर नाव-तारखेची चिठ्ठी, एवढी काळजी घ्यावी. त्यापुढील काम तज्ज्ञांवर सोपवावे.

आपल्या दारातील गोष्ट

या यंत्राचा आपल्या देशाशीही संबंध आला. स्वदेशीच्या चळवळीच्या काळात कलकत्त्याचे हेमेंद्रमोहन बोस यांनी नळकांड्यांवर ध्वनिमुद्रणाचा स्वदेशी उद्योग उभारला. 'कुंतलीन' या केशतेलामुळे त्यांचे नाव बंगालमध्ये घरोघर झाले होते. त्यांनी प्रत्यक्ष रवींद्रनाथ टागोरांचा आवाज उतरवून घेतला होता. ती बहुतेक नळकांडी नाहीशी झाली. महाराष्ट्राच्या बाबतीतही एक आठवण चटका लावून जाते. किर्लोस्कर मंडळींचे थोर गायक नट भाऊराव कोल्हटकर १९०१ साली वारले. ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गायस्बर्ग कलकत्त्यास उतरला तो १९०२ साली. एका वर्षाच्या अंतराने केवढा आवाज तबकडीला पारखा झाला!

तेव्हा साधनच आले नव्हते, म्हणून दोष कोणाचाच नव्हता. आज तसे म्हणता येणार नाही. आपल्या ज्ञातीतील किती घरांच्या माळ्यावर जुना कर्णा, तबकड्यांची चवड, किंवा आजीच्या ओव्या आणि आजोबांचे कीर्तन घेतलेल्या कॅसेट धूळ खात असतील! दिवाळीच्या साफसफाईत त्या भंगारवाल्याच्या काट्यावर चढतात. कॅसेटची फीत मेणाहून चिवट आहे असे कोणी समजू नये. तिलाही बुरशी लागते आणि तिच्यावरील आवाजही काळाने विरतो. आमची विनंती एवढीच आहे की, अशा वस्तू टाकण्यापूर्वी त्यांवर कोणाचा आवाज आहे हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे, त्या कोरड्या जागी ठेवाव्या आणि त्यांच्या प्रती काढून घ्याव्या. मूळ वस्तू मात्र प्रत निघाल्यावरही जपावी. तसेच घरातील ज्या वृद्धांना ज्ञातीची जुनी गाणी, कुळाचार, म्हणी व गावाकडची बोली येते, त्यांना बोलते करून ते बोल साठवावे. त्यासाठी लागणारे यंत्र आज प्रत्येकाच्या खिशात आहे.

एडिसन शेवटी आपल्याच उद्योगात हरला, तरी १८७८ च्या त्या यादीतील कुटुंबाच्या आवाजाची कलमे आजही अपुरी आहेत. ती पुरी करण्यास मोठी बुद्धी किंवा मोठे धन लागत नाही. आपल्या माणसांविषयी आस्था आणि थोडी नेटकी सवय एवढे पुरेसे आहे. आमच्या ज्ञातिबांधवांनी व भगिनींनी या वर्षी आपापल्या घरी त्याचा आरंभ करावा, अशी आमची इच्छा आहे.